शिरड शहापूरचा स्विच कपाटात होता

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. अर्ध्यापर्यंत लिहून पुसून टाकलं, असंही झालं... इथे तुमचे सगळ्यांचे अनुभव मी वाचत असतो. कुणाला घाटात बाई दिसली, कुणाला बंद खोलीत पावलं ऐकू आली. वाचताना मनात म्हणतो, झोप झाली नसेल बिचाऱ्याची. आजही तसंच म्हणतो. मी आयुष्यभर वायरींचं काम केलं. औंढ्याच्या रस्त्यावर एका पडक्या खोलीत दिवा आपोआप लागतो म्हणून लोक तिथून जायला घाबरायचे. तेव्हा मीच आत शिरून ओल आलेली वायर शोधली होती. त्यामुळे माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि आता आहे का, तेही मला सांगता येत नाही.

एक आधीच सांगतो, यात अंगावर काटा येण्यासारखं फारसं काही नाही. गोष्ट भर दिवसाची आहे. बाहेर बाजार भरला होता. मला त्या वेळी भीतीसुद्धा वाटली नाही. काहीच वाटलं नाही, हीच खरी अडचण आहे.

साल दोन हजार चार-पाचच्या आसपासचं. हिंगोली जिल्हा नवा होता. मी एका सहकारी संस्थेत नोकरीला होतो, कापसाची खरेदी-विक्री हे तिचं काम. संस्थेचं नाव लिहीत नाही. मुख्य कार्यालय हिंगोलीत आणि कळमनुरी, जवळा बाजार, शिरड शहापूर अशा ठिकाणी शाखा. मी मूळचा विजेचा माणूस, पण शाखांमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा साहेबांनी मला नांदेडला चार दिवस शिकायला पाठवलं आणि परत आल्यावर सगळं नेटवर्क माझ्या गळ्यात घातलं.

प्रत्येक शाखेत एक स्विच होता. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. शाखेतल्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे एकत्र येतात तो चपटा लोखंडी डबा. टॉवरवरून हे सगळे डबे एकमेकांना जोडलेले. एका डब्यावर बसून दुसऱ्या डब्यात शिरता येतं, पण त्यासाठी त्याचा आकड्यांचा पत्ता लागतो. आकडे कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून त्यात नावांची सोय असते. तुम्ही नाव टाइप करायचं. डबा आधी स्वतःजवळच्या नावांत बघतो, तिथे नसेल तर हिंगोलीच्या सर्व्हरला विचारतो, ‘या नावाचा पत्ता काय?’ पत्ता मिळाला की थेट जोडून देतो. नाही मिळाला तर जरा वेळ थांबून सांगतो की असं कुणी नाही.

आता शहाणा माणूस या डब्यांना गावांची नावं देईल. आम्ही माणसांची दिली. त्याचं कारण होतं. लिंक गेली की मला त्या शाखेची किल्ली असणाऱ्यालाच फोन करावा लागायचा, ‘जा बाबा, डबा बंद करून चालू कर.’ मग गावापेक्षा त्या माणसाचं नावच तोंडात बसलं. जवळा बाजारचा डबा म्हणजे युनूस. शिरड शहापूरचा डबा म्हणजे मिलिंद. नांदेडचा इंजिनियर एकदा बघायला आला तेव्हा हसला होता. म्हणाला, “माणूस बदलला की काय करणार?” आम्ही म्हणालो, बदलू नाव. त्यात काय.

युनूस पिंजाऱ्याच्या घरातला. वडिलांचा गाद्या भरायचा कारखाना, पण हा बारावी शिकून आमच्याकडे लागला. मिलिंद शिरडचा. त्याचे वडील किसनदादा रेल्वेत गँगमन होते, निवृत्त होऊन गावीच राहायचे. दोन्ही पोरांची घट्ट दोस्ती. लिंक गेली की दोघांचे फोन मला यायचे आणि मध्ये मी.

“साहेब, मिलिंद झोपला जणू. पानी मारू का तोंडावर?” हा युनूस.

“त्या मियांला सांगा, त्याचा डबा त्याच्यावानीच हाये. चहा पेल्याबिगर उठत न्हाई.” हा मिलिंद.

स्विचमध्ये शिरलं की पहिल्यांदा एक ओळ दिसते. ती आपल्याला हवी तशी लिहिता येते. सहसा तिथे ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ असलं काहीतरी असतं. मी पोरांना म्हटलं, तुम्हीच लिहा काय ते. युनूसने लिहिलं, ‘बोला मालक’. मिलिंदने लिहिलं, ‘या. बसा. पाणी घ्या.’ इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी त्यात चालत नव्हतं. युनूस रोज सकाळी शाखा उघडली की आधी मिलिंदचं नाव टाइप करायचा. ती ओळ आली की लिंक ठीक आहे असं समजायचं आणि कामाला लागायचं.

मिलिंद तापाने गेला. अंगावरच काढला त्याने, आणि नांदेडला नेईपर्यंत ताप डोक्यात गेला होता. लग्न ठरायच्या बेतात होतं. पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे शिरडला गेलो होतो. युनूस पंगतीत वाढत होता. किसनदादा येणाऱ्या प्रत्येकाला नुसते हात जोडत होते.

शिरडची शाखा तशीही चालत नव्हती. संस्थेने ती जवळा बाजारात विलीन केली. मी जाऊन सामान आणलं. स्विच हिंगोलीला आणला, त्यातलं सगळं पुसून कोरा केला, त्याचीच वायर त्याला गुंडाळली आणि माझ्या लोखंडी कपाटात ठेवला. मग सर्व्हरवरून आणि प्रत्येक शाखेच्या डब्यातून मिलिंदचं नाव काढलं. एकेक ओळ पुसायची, बस्. कार्यालयात तोवर कुणीतरी सवयीने ‘मिलिंद डाऊन आहे’ म्हणून जायचं. नाव काढल्यावर तेही थांबलं.

काही महिन्यांनी युनूसचा फोन आला.

“साहेब, मिलिंद लागून राहिला.”

“कुठे लागून राहिला?”

“डब्यावर. हाताच्या सवयीनं नाव टाइप झालं साहेब. आधी पन बऱ्याच बार झालंय, तवा न्हाई म्हनायचा. आज लागला. ‘या बसा’ आलं.”

मी म्हणालो, “युनूस, नाव मी काढलंय. डबा माझ्या कपाटात आहे. तू जुनी स्क्रीन बघत असशील.”

“बराबर,” म्हणाला आणि फोन ठेवला. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग पुन्हा. रोज नाही, अधूनमधून. मी ही गोष्ट कार्यालयात चहाच्या वेळी सांगितली. हसत सांगितली. पोरं हसली. कुणी फोनवर युनूसला विचारायला लागलं, “काय युनूसभाई, वरची लाईन कशी आहे?” हे मीच सुरू करून दिलं होतं.

मग कळलं की युनूसने किसनदादांना सांगितलंय. बाजाराच्या दिवशी दादा जवळ्याला येणार होते, बघायला. मला हे फार वाईट वाटलं. म्हाताऱ्याला असल्या नादी लावायचं म्हणजे काय? त्यांच्या आधी पोहोचून हे मिटवून टाकायचं ठरवलं आणि त्या दिवशी पहिल्या गाडीने जवळ्याला गेलो.

शाखा बाजाराच्या कडेलाच होती. खिडकीखाली बांगड्यांचं दुकान मांडलेलं, पलीकडे मिरच्यांचे ढीग. खोलीत सगळ्यांना ठसका लागायचा. युनूस एकटाच होता. मी खुर्ची ओढली आणि डब्याची सगळी मांडणी पडद्यावर काढली. त्याच्याजवळच्या नावांत कळमनुरीच्या माणसाचं नाव होतं, हिंगोलीचं होतं, मिलिंदचं नव्हतं. मग हिंगोलीच्या सर्व्हरवर जाऊन पाहिलं. तिथेही नव्हतं. युनूसला दाखवलं.

“बघ. कुठे आहे?”

“न्हाई साहेब. पन टाइप करून बगा.”

मी टाइप केलं. डबा शोधायला लागला. नाव सापडत नसलं की तो थांबतो तसाच थांबला. मी युनूसकडे बघून म्हणालो, “आता नाही म्हणेल.”

युनूस पडद्याकडे बघत होता.

मी वळलो तर ती ओळ आलेली होती. या. बसा. पाणी घ्या. आणि खाली पासवर्ड मागत होता.

मला वाटलं, दुसरं कुठलं तरी यंत्र त्या पत्त्यावर आलं असणार. पण ओळ? ती तर मी स्वतः पुसली होती. मी शिरडचा जुना पासवर्ड दिला. आत घेतलं. समोर मिलिंदचं नाव आणि त्यापुढे लुकलुकणारी खूण.

स्विचला एक विचारता येतं, की या घडीला तुझ्यावर कोण कोण बसलंय. मी ते विचारलं. का विचारलं, माहीत नाही. दोन ओळी आल्या. एक आमची, जवळा बाजारहून नेटवर्कमधून आलेली. दुसरी डब्याच्या स्वतःच्या वायरीवरची. ही वायर फक्त डब्याच्या पुढ्यात बसलेल्या माणसाला लावता येते, लांबून नाही. प्रत्येक ओळीपुढे तो माणूस किती वेळ नुसता बसून आहे, तेही येतं. दुसऱ्या ओळीपुढे शून्य होतं. म्हणजे तिथल्याने आत्ता, याच क्षणी एखादी कळ दाबली होती.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा शून्य.

खिडकीखाली बांगडीवाला कुठल्या तरी बाईशी भांडत होता. “घ्यायच्या असल्या तर घे, नायतर हात सोड.” मला ते स्पष्ट आठवतं. माझे हात कळांवर होते आणि ते माझे आहेत असं वाटत नव्हतं. झोपेत हात अंगाखाली दबला की होतं तसं.

मी बाहेर पडायची कमांड दिली. जोडणी तुटली. मग डब्याच्या मांडणीत जाऊन नावं शोधण्याची सोयच बंद केली. एक छोटीशी ओळ लिहावी लागते. ती लिहिली की डबा कुणालाच काही विचारत नाही, अनोळखी शब्द आला की लगेच नाही म्हणतो. नांदेडचा इंजिनियर ती ओळ सगळीकडे टाकायचा, उगीच वेळ जातो म्हणून. आम्ही आमच्या नावांपायी टाकली नव्हती.

युनूसला कळलं मी काय केलं ते.

“साहेब, काहून बंद केलं? दादा येऊन राहिले.”

“म्हणूनच.”

“एकबार बगू द्या त्यान्ला. त्याचं ‘या बसा’ तेवढं वाचून दाखवतो. मंग तुमी बंद करा, कायमचं करा. माझी काई तकलीफ न्हाई.”

मी मांडणी कायमची साठवून टाकली.

किसनदादा आले तेव्हा त्यांच्या हातात बाजाराची पिशवी होती. रिकामीच. पांढरा सदरा इस्त्रीचा, नवा असावा. जय भीम झाला. युनूसने त्यांना आपली खुर्ची दिली. ते खुर्चीच्या टोकावर बसले.

“काय दावतो म्हनला होतास?”

युनूसने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मिलिंदचं नाव टाइप केलं. डब्याने लगेच सांगितलं, हा शब्द कळत नाही. त्याने पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. त्याला माहीत होतं काय येणार, तरी टाइप करत होता. तिसऱ्यांदा त्याने अगदी सावकाश, एकेक अक्षर बघून केलं.

“दादा, जरा आधी लागलं होतं. आता साहेबांनी...” तो माझ्याकडे वळला. “साहेब, तुमी सांगा ना.”

मी म्हणालो, “दादा, असं काही नसतं. हे मशीन आहे. मिलिंदचं नाव यातून मीच काढलं होतं. युनूसच्या मनावर परिणाम झालाय, दोस्त होता ना त्याचा.”

दादा युनूसला म्हणाले, “मंग मला काहून बोलावलं रे पोरा?”

“दादा, कसम सांगतो. साहेबांनी बी बगितलं.”

दादांनी मान वळवली. त्यांचे डोळे अधू होते, नीट बघायला ते थोडे पुढे झुकले.

“व्हय का साहेब?”

“नाही,” मी म्हणालो.

एवढंच. एक शब्द. त्याला फार ताकद लागली नाही.

दादा उठले. युनूसच्या जवळ जाऊन, आवाज न चढवता म्हणाले, “तुझ्या घरी ईदीला जेवलो आमी. तुझी आई माझ्या लेकराला ताट वाढायची. त्याच्या नावाचा खेळ मांडलास व्हय?”

युनूस माझ्याकडेच बघत होता. त्याला वाटत असावं, अजून बोलतील साहेब. मी वायरी नीट करत होतो. दादांनी पिशवी उचलली आणि बाजारात न जाता सरळ स्टँडकडे गेले. चहा सांगितलेला होता, तो तसाच आला. युनूसने एक ग्लास माझ्यापुढे ठेवला.

“साहेब, तिकडं कोन बसलं होतं?”

“कुणी नाही. मशीन आहे, होते गडबड.”

“बराबर,” तो म्हणाला.

हिंगोलीला आल्यावर मी आधी कपाट उघडलं. स्विच होता तिथेच होता. वायर मी गुंडाळली होती तशीच. हात लावून पाहिला, गार होता. टेबलावर घेऊन चालू केला. तो कोराच होता. नवीन यंत्र विचारतं तसं त्याने विचारलं की मांडणीला सुरुवात करायची का. मी ‘नाही’ दिलं आणि बंद केला.

पुढचं थोडक्यात सांगतो. शिरडला आणि जवळ्याला बोललं जायला लागलं की युनूसने मेलेल्या दोस्ताच्या बापाची थट्टा केली. मिलिंदच्या आईने एकदा भर बाजारात त्याच्याकडे पाठ फिरवली, असं कळमनुरीच्या माणसाने मला सांगितलं. दोन घरांचं येणंजाणं बंद झालं. युनूसने नोकरी सोडली आणि वडिलांच्या कारखान्यात गाद्या भरायला बसला. त्याने माझं नाव कुणापुढे घेतलं नाही. घेतलं असतं तर ते फिरून माझ्यापर्यंत आलं असतं, आमच्याकडे तेवढं तरी नक्की येतं. किसनदादा काही वर्षांनी वारले. त्यांच्या लेखी युनूस शेवटपर्यंत खोटाच राहिला.

मी का खोटं बोललो? कार्यालयात मीच याची थट्टा केली होती, तिथे परत जाऊन काय सांगायचं, हे एक. म्हाताऱ्याला आशा लावू नये, हेही होतं. पण खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात यातलं काहीही नव्हतं. दादांनी विचारलं आणि तोंडातून ‘नाही’ आलं.

स्पष्टीकरण मी शोधलं. कुणाचं नाव न घेता नांदेडच्या इंजिनियरला विचारलं. तो म्हणाला, जुनी नोंद कुठेतरी अडकून राहिली असेल. म्हटलं, राहिली असेल, पण पत्ता मिळाला तरी त्या पत्त्यावर यंत्र कुठलं? तो म्हणाला, कुणीतरी दुसरा डबा तसाच मांडून ठेवला असेल. कुणी? कुठे? शिरडची खोली रिकामी होती, तिथलं विजेचं मीटरही काढून नेलं होतं, मी जाऊन बघून आलो. युनूसने केलं म्हणावं तर त्याच्याकडे दुसरा डबा नव्हता, शिरडचा पासवर्ड नव्हता. मी त्या काळात पुन्हा जवळ्याला जाऊन नावं शोधायची सोय परत चालू करून पाहिली. मिलिंद टाइप केलं. थोडा वेळ थांबून डबा म्हणाला, असं कुणी नाही. त्यानंतर कधीच लागलं नाही. आज इतक्या वर्षांनी कुणी याचं उत्तर दिलं तरी त्याने काही फरक पडणार नाही.

निवृत्त झाल्यावर मी एकदा युनूसकडे गेलो. कारखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. तो दाढीत, भुवयांत, सगळीकडे कापूस लागलेला असा बाहेर आला. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

“या साहेब, बसा.” मग पोत्यांवरचा कापूस हाताने झाडून मला जागा केली. “काय सेवा?”

मी म्हणालो, “गादी भरायची होती.”

“सिंगल का डबल?”

“सिंगल. बायको गेली आता.”

“मालूम झालं होतं साहेब,” तो म्हणाला. “यायचं होतं मला.” मग मापाची पट्टी आणायला आत गेला. मी बसून राहिलो. तो आला, आम्ही मापाचं बोललो, कापडाचं बोललो, पावसाचं बोललो. त्याने जुनं काही काढलं नाही. मला वाटतं, तो मला वेळ देत होता. मी म्हणालो, “जरा कडक भर, पाठ दुखते.” आणि निघालो. गादी त्याने नंतर टेम्पोत घालून पाठवून दिली. चांगली भरली होती.

मागच्या पावसाळ्यात युनूस गेला. मला उशिरा कळलं.

गादीच्या निमित्ताने गेलो त्या दिवशी हिंगोलीपासून जवळ्यापर्यंत मी गाडीत खिडकीशी बसून एकच गोष्ट मनात म्हणत गेलो होतो. पाठ झाली होती. त्याच्या घरातल्या कुणी हे वाचलं तर वाचू दे, म्हणून ती इथे लिहितो. युनूस, पलीकडे कुणीतरी बसलं होतं. मी पण बघितलं. दादांना खोटं मी सांगितलं, तू नाही. मला माफ कर.